सोनीच्या जागी

मुकुटबनकडून आणलेली तुरीच्या शेंगांची पिशवी अजून चुलीजवळ तशीच पडली आहे. सोलायला बसले की डोळे मिटतात. पण सगळं विसरून जायच्या आधी लिहून ठेवावं असं वाटलं. आमच्या बाभुळगावच्या बायका माहेर, सासर आणि यवतमाळचा दवाखाना यापलीकडे फारशा जात नाहीत. मीही गेले नव्हते. जिल्हा तोच, पण त्याचं दुसरं टोक कसं आहे ते आता पाहून आले.

बाभुळगाव

आमच्या बचत गटात कुंदाताई येतात. त्या शाळेत बाई होत्या, आता घरीच असतात. यवतमाळला त्यांचं घर, घरात सगळे नोकरीवाले. त्यांच्या मनात एक गोष्ट आली होती. ज्या घरात आई किंवा बाप आजारी आहे आणि त्यांचं सगळं एखादी शाळकरी पोरगी करते, अशा पोरींना चार दिवस पांढरकवड्याला न्यायचं. तिथं त्यांनी खायचं, खेळायचं, जंगल पाहायचं. आणि तेवढे दिवस त्यांच्या घरी गटातल्या एकेका बाईनं जाऊन राहायचं. ताई त्याला बदली म्हणायच्या.

बैठकीत मी मागे भिंतीला टेकून बसते. बोलायची वेळ आली की माझा घसा कोरडा पडतो. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, "मालतीबाई, तुम्ही जाल?" म्हणाल्या. माझी मान हलली.

"घरी कोणी आहे ना बघायला?"

"हो, आहे."

एवढंच बोलले. सासूबाईंचं उजवं अंग लकव्यानं गेलं आहे. मी कापूस वेचणीला जाते, आमचे हे हंगामभर कापसाच्या जिनिंग कारखान्यात असतात. सासूबाईंजवळ रूपाली असतेच. माझी मुलगी, सातवीत आहे. तिला सगळं येतं. निघताना तिनंच माझ्या पिशवीत भाकरी आणि जवसाची चटणी बांधून दिली, आणि "आई, स्वेटर घेतलं का?" म्हणून दारातून ओरडून विचारलं.

पांढरकवडा

यवतमाळ सोडलं की रस्ता डोंगरातून जातो. सागाची पानं वाळून रस्त्यावर पडली होती आणि बस गेली की ती मागे उडत यायची. जंगल संपलं की कपाशी, कपाशी संपली की जंगल. यंदाचं साल बोंडअळीचं. बसमधून शेतं पांढरी दिसत होती, पण मी वेचणारी बाई, मला लांबूनही कळत होतं. अर्धी बोंडं उमललीच नव्हती. ज्यांत कापूस होता तो पिवळा, चिकटलेला. असा कापूस ओढताना बोटांची साल निघते. बसच्या खिडकीत बसल्या बसल्या माझी बोटं आपोआप मिटली.

पांढरकवड्याला बस बदलायची होती. मी असे ट्रक कधी पाहिले नव्हते, एकामागे एक, कुठून कुठे चाललेले. स्टँडवर मुकुटबनची गाडी कुठं लागते ते विचारायला मला लाज वाटली. पाटी वाचता येते, म्हणून पाटी पाहत बसले. गाड्या आल्या, गेल्या. शेजारी एक म्हातारी उकडलेल्या शेंगा विकत होती. तिनं बराच वेळ मला पाहिलं आणि मग म्हणाली, "काहून वो बाई, कवाची बसून राह्यली! कोठी जाच हाय?"

"मुकुटबन."

"अव माय! ते त गेली न आत्ताच. मागून लागते ते. तोंड नाई का देल्लं देवानं तुले?"

तिला माझी दया आली असावी. ओंजळभर शेंगा माझ्या पदरात टाकल्या. "खा. अन् दुसरी आली का मी सांगतो. तू काई बोलू नको बाप्पा, झिजून जाइन जीभ."

पुढची गाडी आली तेव्हा तिनंच उठून कंडक्टरला हाक मारली, "हे एक मुकी बाई हाय, मुकुटबनले उतरवजो." गाडीभर लोक हसले. मीही हसले, पण तोंडाला पदर लावून.

मुकुटबनच्या पुढे

मुकुटबनहून पुढे काळी-पिवळी जीप होती. जीपमध्ये निम्मे लोक तेलुगू बोलत होते आणि मधेच आपल्यासारखं वऱ्हाडी बोलायचे. गावाचं नाव मी लिहीत नाही. फाट्यावर एक पोरगी उभी होती, दोन वेण्या कानामागे घट्ट बांधलेल्या, अंगावर शाळेचाच निळा फ्रॉक. हीच सोनी. तेरा वर्षांची. तिनं माझी पिशवी हातातून घेतली आणि डोक्यावर ठेवून पुढे चालू लागली, जणू मी तिच्या घरची पाहुणी आहे.

घर मातीचं, स्वच्छ सारवलेलं. पुढच्या खोलीत भिंतीला लागून कापसाचा ढीग, अर्ध्या खोलीइतका. एका बाजूला खाट, खाटेवर तिचे वडील दशरथभाऊ. यंदाच्या फवारणीत औषध अंगात भिनून ते शेतातच पडले होते. बरेच दिवस दवाखान्यात होते. वाचले, पण नजर गेली. पूर्ण नाही. समोर माणूस आहे हे कळतं, कोण ते कळत नाही. हातही थरथरतात. बसल्या बसल्या ते कापूस मांडीवर घेऊन बोटांनी चाचपून पालापाचोळा काढत होते.

सोनीची आई सुमनबाई दिवसभर शेतात असायची. मजूर बायका त्या कापसाला हात लावायला तयार नव्हत्या, म्हणून ती एकटीच वेचत होती. अंधार पडायच्या आधी ती डोक्यावर गाठोडं घेऊन आली, ढिगावर सोडलं आणि माझ्याकडे पाहून हात जोडले. मला अवघडल्यासारखं झालं.

जेवायला भात आणि अंबाडीच्या पाल्याचं आंबट वरण. आमच्याकडे ज्वारीची भाकरी आधी, भात असला तर शेवटी. इथं भातावाचून जेवण नाही.

"तुमाले भाकर लागते न?" सुमनबाई म्हणाली. "उद्या टाकतो. पण आमच्याइकडं भाताबिगर पोट भरलं असं वाटतच नाई."

"हेच चांगलं आहे," मी म्हटलं. खरंच चांगलं होतं. दिवसभराच्या शिणवट्यावर ते आंबट वरण बरं वाटलं.

जेवताना सोनी मला शिकवत होती. "मावशी, बाबाले चहा बशीत नका देजा. गिलासात अर्धाच देजा, मंग पुन्ना अर्धा. सांडत नाई मंग. डोळ्यात औषध टाकतानी म्हणजा, वरतं पाह्य. नाइतर मिटते ते." तिनं मीठ-तिखटाचे डबे दाखवले, पाणी कुठल्या हापशीचं घ्यायचं ते सांगितलं. सगळं सांगितलं.

मला येताना सगळ्यात मोठी काळजी एकच होती. परका पुरुष, त्याला न्हाणीत कसं न्यायचं? हात धरायचा का? संध्याकाळी दशरथभाऊ उठले आणि अंगणाकडे निघाले. मी लगेच पाठ केली आणि चुलीकडे तोंड करून बसले. ते गेले, परत आले. मला बरं वाटलं. म्हटलं, तेवढं दिसतं यांना.

सकाळी ताईंची गाडी आली. सोनी गाडीत बसली, उतरली, "मावशी, काळ्या डब्बीतली गोळी जेवल्यावर हाय" म्हणून सांगून पुन्हा बसली. पुन्हा उतरली. ताई हसून म्हणाल्या, "सोनी, चल गं, बाबा कुठं पळून जात नाहीत." दशरथभाऊ दारात उभे होते. गाडीचा आवाज गेला त्या दिशेला त्यांनी हात हलवला. गाडी तोवर वळून दिसेनाशी झाली होती.

निंबाखालची दोरी

मी कामाला लागले. घर तिनं स्वच्छ ठेवलं होतं, पण पांघरायच्या वाकळी मळल्या होत्या. एवढ्याशा हातांनी ओल्या वाकळी पिळल्या जात नाहीत, हे मला माहीत आहे. मी त्या हापशीवर नेऊन धुतल्या. आणून वाळत घालायला पाहते तर अंगणात दोरी बांधलेलीच होती. दाराच्या खांबापासून निंबापर्यंत आणि तिथून न्हाणीच्या बांबूपर्यंत. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या वळून केलेली, मधेमधे गाठी, एका ठिकाणी लाल चिंधी. पण कमरेइतकी खाली. वाकळ घातली तर मातीत लोळली असती. मला वाटलं, पोरीचा हात वर पोचत नसेल, म्हणून तिनं खाली बांधली. मी निंबाजवळची गाठ सोडली, फांदीवर उंच बांधली, न्हाणीकडचंही टोक उंच केलं. वाकळी टाकल्या. मोकळ्या अंगणाकडे पाहून मला बरं वाटलं, की आल्यासारखं एक तरी काम नीट झालं.

दशरथभाऊ झोपले होते. मी पाण्याला गेले. परत आले तर ते न्हाणीच्या दगडापाशी पडलेले. एक पाय वाकडा दुमडलेला.

"भाऊ! काय झालं?"

"काई नाई, काई नाई." ते उठायला पाहत होते. एक हात हवेत फिरवत होते, काहीतरी धरायला शोधत. "दोरी कोठी गेली वो?"

"कोणती दोरी?"

हात तसाच हवेत फिरत राहिला, कमरेइतक्या उंचीवर. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी वर पाहिलं. माझ्याच हातानं बांधलेल्या दोरीवर वाकळी वाऱ्यानं हलत होत्या.

आदल्या संध्याकाळी मी पाठ केली नसती तर ते दोरी धरून चालतात हे मला दिसलं असतं. लाजेनं मी पाहिलंच नाही. आणि सोनीनं सगळं सांगितलं, ही दोरी तेवढी सांगितली नाही. घराला दार आहे हे कोणी पाहुण्याला सांगतं का?

मी त्यांना दोन्ही हातांनी धरून उठवलं. आजवर परक्या पुरुषाला मी असा हात लावला नव्हता. त्यांनी मान दुसरीकडे फिरवली होती, मीही. दोघं एकमेकांकडे न पाहता खाटेपर्यंत आलो.

"मीच सांगाले पाह्यजे होतं," ते हळू म्हणाले. "नवी बाई, म्हंतलं, कसं सांगाव. तिनं तेच्यासाठीच त बांधली. कोणाचा हात धराचं काम नाई."

कुडापलीकडून शेजारची राजक्का आली. मोठ्या आवाजाची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं आधी पाहिलं दशरथभाऊंच्या गुडघ्याकडे, मग वर वाकळींकडे. "अम्मा! बाई, तुमी त ह्याची रेल्वेची लाइनच उखडून टाकली!" म्हणाली आणि हसता हसता घरी जाऊन हळद-चुना घेऊन आली. दशरथभाऊही हसले. मला हसू आलं नाही. मी दोरी काढली, पुन्हा खाली बांधली. पण लाल चिंधी नेमकी कुठं यायची ते मला आठवेना.

सुमनबाई आली तेव्हा गुडघा चांगलाच सुजला होता. तिनं पाहिलं, गाठोडं खाली ठेवलं आणि गुडघा चाचपला. मला वाटलं आता मला बोलेल. ती म्हणाली, "तुमी जेवल्या का?"

"सोनीले नका सांगू," दशरथभाऊ म्हणाले. "पह्यल्यांदा घराबाहेर गेली पोट्टी. चार दिवस त राहू दे तिले."

"मी नाई सांगत. पण तिले सांगा लागते का?" सुमनबाई म्हणाली.

रोज संध्याकाळी पोरींना घरी फोन लावून द्यायचं ताईंनी ठरवलं होतं. फोन राजक्काच्या मोबाइलवर आला. तिनं तो मोठ्या आवाजावर ठेवला. आम्ही सगळे खाटेभोवती.

"बाबा, जेवले?"

"हाव. तू?"

"पुरी होती. श्रीखंड होतं. आंघोळ केली?"

"केली न. मावशीनं खाटेपाशी पाणी आणून देल्लं."

"खाटेपाशी काहून?"

"थंडी लय हाय न, बाप्पा."

"बरं," सोनी म्हणाली. फोन बंद झाला.

राजक्कानं मोबाइल पदराला पुसला. "आता येते पाहा ते."

कापसाच्या ढिगावर

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. पाठीवर दप्तर, पायात नवी चप्पल, ताईंनी दिलेली. ताईंनी खूप समजावलं होतं, शेवटी ओळखीच्या काळी-पिवळीत बसवून दिलं. ती आधी वडिलांकडे गेली नाही. अंगणात गेली. दाराच्या खांबापाशी उभी राहून डोळे मिटले आणि दोरीवर हात ठेवून चालू लागली. निंबापाशी थांबली. लाल चिंधी चार पावलं अलीकडे आली होती. तिनं दातांनी गाठ सोडली, चिंधी जागेवर बांधली, पुन्हा डोळे मिटले आणि न्हाणीपर्यंत जाऊन आली.

मी दारात उभी होते. तिनं मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुमाले कसं माहीत राहीन, मावशी," आणि आत जाऊन वडिलांच्या गुडघ्यावरून हात फिरवला.

"तू परत जा," दशरथभाऊ म्हणाले. "तुयं जंगल राह्यलं न पाह्याचं."

"वाघ काई पळून नाई जात."

"ताई काय म्हणतीन? मले काई झालं नाई."

"दिसून राह्यलं न मले."

तिनं खराटा उचलला. तेव्हा माझ्यातून कोण बोललं कोणास ठाऊक, मी तिच्या हातातून खराटा घेतला. "हे पाह्य सोनी. जाच नसन त नको जाऊ. पण मी तुया जागी आली हाय, अजून मी गेली नाई. चुलीकडे याचं नाई अन् पाण्यालेही जाचं नाई."

"मंग मी काय करू?"

"काई नको करू."

ती उंबऱ्यावर बसली. मी भांडी घासत होते, ती सांगत होती. "तिकडं बी असंच झालं, मावशी. सकाळी उजाडाच्या आधी सगळ्याच पोट्ट्या उठल्या. काम काईच नाई. मंग आमी आख्खा हॉल झाडला. पुसला. सैपाकवाली बाई आली त तिले काई कामच नाई राह्यलं, ते आमच्यावर चिडली. ताई म्हणे, अगं झोपा, खेळा. आता काय खेळाव? मंग एकमेकींच्या केसाच्या येण्या घातल्या. एकीची घातली का सोडाची, पुन्ना घालाची."

सांगता सांगता ती जांभया देऊ लागली. मग कापसाच्या ढिगाला टेकून बसली. कापसावर बसायला घरात पोरांना मनाई असते, खाज सुटते, आणि कापूस दबतो. आमच्याकडेही हेच. पण मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं पाहिलं तर ती झोपली होती, आडवी, एक चप्पल पायातच.

दुपारचा चहा झाला. ती उठली नाही. दशरथभाऊंनी औषधाच्या वेळी हळू विचारलं, "उठली का?" मी नाही म्हटलं. "झोपू द्या," ते म्हणाले. मग स्वतः उठले, दोरी धरून, लंगडत, आवाज न करता बाहेर गेले आणि आले. या वेळी मी पाठ केली नाही. दारात उभी राहून पाहत होते. लाल चिंधीला हात लागला की ते वळत होते.

सूर्य बुडताना सुमनबाई आली. डोक्यावर गाठोडं, कपाळावर घामानं चिकटलेला कापूस. आत पाऊल टाकलं आणि थांबली. गाठोडं सोडायची जागा तीच, आणि तिथं पोरगी झोपलेली. मी उठवायला पुढे झाले तर तिनं मानेनं नको म्हटलं. गाठोडं खाली घेतलं, खाली बसली, गाठ सोडली आणि मुठीमुठीनं कापूस काढून सोनीच्या बाजूबाजूनं ठेवू लागली. पायाशी, पाठीशी. भसकन ओतला असता तर एका क्षणाचं काम. तिला दिवे लागेपर्यंत वेळ लागला. दिवसभर वाकून वेचलेली बाई, कंबर धरत धरत मूठ मूठ ठेवत होती. शेवटी पायातली चप्पल काढली. सोनीनं कूस बदलली, पण जागी झाली नाही.

आम्ही तिघं भात आणि वरण जेवलो. कोणी मोठ्यानं बोललं नाही.

तुरीच्या शेंगा

ऊन अंगणात उतरलं तेव्हा सोनी उठली. केसांत कापूस, गालावर खाजवल्याचे वळ. घाबरून बाहेर आली. "मले उठवलं काहून नाई? आई गेली? बाबाची गोळी?"

"झालं सगळं. बस."

ती माझ्याजवळ बसली. सुमनबाईनं मला न्यायला म्हणून तुरीच्या शेंगा आणून ठेवल्या होत्या. थोड्या आम्ही ओल्या दाण्यांच्या, म्हणजे सोल्यांच्या भाजीला सोलत होतो. पहिल्यांदाच तिचा चेहरा मला तेरा वर्षांचा वाटला.

"मावशी, तुमाले कोन कोन हाय?"

मी सांगितलं. सासूबाईंचं सांगितलं.

"लकवा हाय? मंग कूस कोन बदलते तिची? तुमी त वावरात जाता न."

"पोरगी करते माही. रूपाली."

"केवढी हाय?"

"तुयायेवढीच."

"मंग आता आजीपाशी कोन हाय?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "रूपालीच हाय," मी म्हटलं.

सोनी हसली. तिला त्यात वाईट काही वाटलं नव्हतं. उलट ओळखीचं कोणी भेटल्यासारखी हसली. "मंग मी येतो तुमच्या घरी. तिले सुट्टी देतो चार दिवस. कूस बदलाचं मले नाई येत, पण शिकतो."

दशरथभाऊ खाटेवरून म्हणाले, "पाह्य, आत्ता उठली नाई त चालली दुसऱ्याच्या घरी." ते हसत होते. मीही हसल्यासारखं केलं.

मी चौथीनंतर शाळेत गेले नाही, धाकटी भावंडं सांभाळायला घरी राहिले. ते मला कधी विशेष वाटलं नव्हतं. सगळ्यांचं तसंच असतं. रूपालीचंही मला तसंच वाटत होतं, की तिला सगळं येतं. त्या दिवशी शेंगा सोलताना मला पहिल्यांदा तिचा हात दिसला. सासूबाईंच्या पाठीखाली घातलेला, आणि जोर लावताना दातांत धरलेला खालचा ओठ. मी निघाले त्या सकाळी ती शाळेच्या कपड्यांत नव्हती. मला ते दिसलं होतं. मी काहीच विचारलं नव्हतं.

तेव्हाच उठून घरी जावं असं वाटलं. पण सोनीचा एक दिवस अजून बाकी होता. तो मी राहिले. तिला चुलीकडे येऊ दिलं नाही. ती दुपारी पुन्हा झोपली, संध्याकाळी राजक्काच्या पोरींबरोबर गजग्यांसारख्या बिट्ट्या खेळायला बसली आणि हरली म्हणून भांडून आली. तिचं भांडण ऐकायला मला फार बरं वाटलं.

निघताना दशरथभाऊ दोरी धरून निंबापर्यंत आले. "बाई, दोरी हाय न जाग्यावर?" म्हणाले. राजक्का कुडावरून हसली. सुमनबाई शेतातून आली नव्हती. सोनी फाट्यापर्यंत आली, पिशवी डोक्यावर. मी ती तिच्याकडून घेतली आणि स्वतः उचलली.

बाभुळगाव

परतीचा रस्ता मी पाहिलाच नाही, झोपेत आणि जागेपणात गेला. पांढरकवड्याला मात्र यवतमाळची गाडी कुठं लागते ते विचारलं. आवाज फुटला. शेंगावाली म्हातारी दिसली नाही.

घरी दिवा लागलेला. सासूबाई स्वच्छ, केस विंचरलेले, अंगाखालची चादर ताणून घातलेली. हे जिनिंगातून येऊन बसले होते. म्हणाले, "पोरीनं सगळं सांभाळलं हो. शाळेची बाई आलती विचाराले, म्हंतलं, घरी अडचण हाय. तुयी आठवणही नाई येऊ देल्ली."

रूपाली माझ्यासाठी पाणी घेऊन आली. मग खाली बसली आणि माझे पाय दाबू लागली. "थकली असशीन न आई. तिकडच्या पोरीले सुट्टी भेटली का?"

"भेटली थोडी."

"काय केलं तिनं?"

"झोपली."

"फक्त झोपली?" तिला आश्चर्य वाटलं. मी तिचे हात पायावरून काढले, माझ्या हातांत घेतले. तळव्याला घट्टे पडले आहेत. चादर ताणून ताणून. मी म्हटलं, "तू झोप आता, मी हाय." ती आडवी झाली. थोड्या वेळानं अंधारातून तिचा आवाज आला, "आई, आजीची कूस बदलाची राह्यली." आणि मी उठायच्या आधी ती उठलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी वेचणीला गेले नाही. यवतमाळला कुंदाताईंच्या घरी गेले. त्यांच्या घरी न बोलावता मी कधी गेले नव्हते. दारात चपलांजवळ उभी राहिले. त्यांना वाटलं, सोनी परत गेली म्हणून मी ओशाळून आले. "अहो मालतीबाई, मनाला लावून घेऊ नका," म्हणाल्या. "पुढच्या वेळी तिला पुन्हा नेऊ."

मी म्हटलं, "ताई, आणखी एक पोरगी आहे. पुढच्या वेळी तिलाही न्या."

"नेऊ की. कुठली?"

"बाभुळगावची."

"आपल्या बाभुळगावची? मला कोणी बोललं नाही. कोणाची मुलगी?"

"माझी," मी म्हटलं. "तिच्या जागी बाई पाठवा."